पायली शाळेत न्या

(नाशिक इथं झालेल्या आपल्या वार्षिक सभेत एका निवृत्त जिल्हा परिषद शिक्षिका ताईंनी केलेलं हे भाषण. बऱ्याच गटांनी मागितलं म्हणून थोडं आवरून छापत आहोत. – संपादक मंडळ)



मला अर्धा तास दिलाय आणि माझ्यानंतर बँकेचे साहेब बोलणार आहेत. तुमच्या कर्जाचा विषय माझ्यामुळे अडकायला नको, म्हणून लांबण लावत नाही. पत्रिकेवर माझ्या भाषणाला ‘स्थानिक संस्कृती आणि शिक्षण’ असं भारी नाव दिलंय. संस्कृती म्हटलं की आपल्याला गॅदरिंग आठवतं. पोरांना कमरेला पानं बांधायची, गालाला रंग फासायचा, स्पीकरवर गाणं लावायचं आणि समोर पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्या पोरांचे आईबाप खरे कसे राहतात, काय पिकवतात, हे त्या नाचात कुठंच नसतं. मी त्याबद्दल बोलणार नाही. मी पायलीबद्दल बोलणार आहे.

कोणाकोणाच्या घरात अजून पायली आहे? हात वर करा बघू. निम्म्याहून जास्त आहेत की! आता सांगा, पायलीत शेर किती? चार. अधोलीत? दोन. म्हणजे अधोली ही पायलीच्या किती? अर्धी. शेर हा पायलीचा किती भाग? पाव. बघा, पाटी-पेन्सिल न घेता तुम्ही अपूर्णांक सोडवलात. हेच गणित तिसरी-चौथीच्या पोरांना फळ्यावर एकाखाली एक आकडा आणि मधे रेघ असं दाखवलं, की निम्मा वर्ग गप्प होतो. त्यातल्या कित्येक पोरी घरी आईला रोज धान्य मापून देतात. त्यांना पाव, अर्धा, पाऊण येत असतं. पण ही रेघ म्हणजे आपली पायलीच आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

अजून एक विचारते. एक पायली भात आणि एक पायली तांदूळ, दोन्हीचं वजन सारखं भरतं का? नाही ना. भात हलका भरतो, सालपटासकट असतो, मधे पोकळी राहते. माप तेच, वजन वेगळं. सहावी-सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात याला वस्तुमान आणि आकारमान म्हणतात. पोरं ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण व्यापारी शिगोशीग माप भरून घेतो आणि देताना हात फिरवून सपाट करतो, हे ज्या पोरानं बाजारात उभं राहून पाहिलंय, ते हा धडा आयुष्यात विसरणार नाही. फक्त बाईंनी किंवा गुरुजींनी त्याला म्हणायला हवं, ‘उद्या घरनं पायली घेऊन ये.’

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. मूल शाळेत येतं तेव्हा रिकामं येत नाही. पाच-सहा वर्षांचं शिकून येतं. तुमच्याकडूनच शिकून येतं. ते शिकलेलं दारातच ठेवायला लावलं, तर पुढचं कशावर रचायचं?

पेठ तालुक्यातली एक शाळा सांगते. गावाचं नाव घेत नाही. तिथले गुरुजी बाहेरच्या जिल्ह्यातून नव्यानं आलेले, माणूस चांगला, मनापासून शिकवणारा. पहिलीत एक मुलगी होती. जून गेला, जुलै गेला, दिवाळी जवळ आली, पोरगी वर्गात एक शब्द बोलेना. हजेरी घेतली तरी मान हलवायची. गुरुजींनी वहीत शेरा लिहिला होता, ‘मंद. विशेष तपासणी आवश्यक.’ त्या दिवशी मी केंद्राच्या कामानं तिथं गेले होते. मधल्या सुट्टीत पोरीची आजी आली आणि ओट्यावर बसली. तिच्या पदराच्या गाठीत बी होतं, नागलीचं, वरईचं आणि खुरासणीचं. गुरुजींनी सहज विचारलं, ‘आजी, हे काय?’ आजी कोकणी बोलीत सांगायला लागली. गुरुजींना काही कळेना. आणि ती पोरगी मधे उभी राहिली. आजी बोलायची आणि पोरगी मराठीत गुरुजींना सांगायची. कोणतं बी डोंगराच्या उतारावर, कोणतं खाली, आधी राब भाजायचा, मग पाऊस, मग आवणी. पाच मिनिटं झाली, दहा मिनिटं झाली, ती थांबेना.

जिला मंद ठरवलं होतं, ती दोन भाषांमधला पूल बनून उभी होती. सहा वर्षांची पोर! तिला मराठी कळत होतं. पण वर्गात तिला ठाऊक असलेलं काही येतच नव्हतं, तर बोलणार कशावर? गुरुजींनी तो शेरा आमच्यासमोरच खोडला. पण प्रत्येक पोरीची आजी नेमकी त्या दिवशी ओट्यावर येऊन बसत नाही. कितीतरी पोरींचा शेरा तसाच राहतो, आणि मग तीन-चार वर्षांनी आपणच म्हणतो, ‘तिचं डोकं चालत नाही, घाला कामाला.’ दिंडोरी-निफाडकडं द्राक्षाच्या कामाला बिऱ्हाडं जातात, त्यांच्याबरोबर अशा पोरी जातात आणि शाळा सुटते. काहींचं लग्न होऊन जातं. म्हणून मी हा विषय हलका धरत नाही.

आता माझं ऐका. मी बागलाणची, आमच्या घरी अहिराणी. पुस्तकातल्या मनीमाऊची गोष्ट तुम्हाला माहिती आहे. आमच्या अहिराणीत ‘मनी’ म्हणजे ‘माझी’. मनी माय म्हणजे माझी आई. सटाण्याकडच्या एका वर्गात मी ‘मनी मांजर’ असं वाचलं, तर एक पोरगं उठून म्हणालं, ‘बाई, तुमनी का?’ सगळा वर्ग हसला, मीही हसले. पण हसून सोडलं नाही. फळ्यावर दोन रकाने केले, एकीकडं घरची भाषा, एकीकडं पुस्तकाची. माले – मला. तुले – तुला. शे – आहे. जोयजे – पाहिजे. पोरं एकेक शब्द आणू लागली. आठवड्यात फळा पुरेना. त्या पोरांचं पुस्तकी मराठी बिघडलं नाही, उलट सुधारलं, कारण कुठला शब्द कुठं चालतो हे त्यांना कळायला लागलं. ‘अशुद्ध बोलू नकोस’ एवढं सांगून हे कधी साधत नाही. त्यानं पोरगं एकच गोष्ट शिकतं, की आपली आई चुकीचं बोलते.

हे मी काही नवीन सांगत नाहीये. तुम्ही रोज ‘अंगणवाडी’ म्हणता ना? हा शब्द कुठून आला, कोणाला माहिती आहे? सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हापासून तो देशभर गेला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या घाटाखाली तो चालू होता. ताराबाई मोडक नावाच्या बाई होत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी लहान मुलांच्या शिक्षणाचं काम केलं. त्या वेळी बालशिक्षण म्हणजे शहरातल्या पैसेवाल्यांचं काम होतं. माँटेसरीची साधनं महाग, पॉलिश केलेल्या लाकडाची. ताराबाईंना प्रश्न पडला, हे खेड्यात कसं न्यायचं? १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालं आणि काही महिन्यांतच त्या विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीचं पुढं काय व्हायचं, ते तुम्हाला सांगायला नको. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या.

बोर्डीत बालवाडी काढली. पण वस्तीतली गरिबांची मुलं काही तिकडं येईनात. घरी धाकटं भावंड सांभाळायचं, अंगाला धड कपडा नाही, वरच्या जातीच्या पोरांत बसायची भीती. मग या बायांनी काय केलं? मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. पुढं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली लोकांमध्ये. तिथली पोरं गुरं चारायला जायची. तर शाळा कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा. धाकट्या भावंडांसाठी पाळणाघर शाळेला जोडलं. आणि साधनं कुठली? शिंपले, खडे, बिया, पानं. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुलं. जे पोराच्या हाताला आधीच माहिती होतं, त्यातूनच अक्षर आणि अंक. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना पद्मश्री.

गंमत बघा. तो शब्द आपल्या गावागावात आला, पाटी लागली, खोली बांधली, खिचडी सुरू झाली. पण ‘अंगण’ त्यातून बरंच निघून गेलं. आता कित्येक अंगणवाड्यांत भिंतीवर छापील तक्ते असतात, त्यात ज्या फळांची चित्रं असतात ती पोरांनी कधी चाखलेली नसतात, आणि समोरच्या करवंदाच्या जाळीचं नाव तक्त्यात नसतं. मी सेविकाताईंना दोष देत नाही. त्यांच्यामागं मोबाईलमध्ये माहिती भरायचीच इतकी कामं लावलीत, की त्यांना मुलांकडं बघायला वेळ मिळतो हेच खूप. पण शेजारी राहणाऱ्या आपण बाया तर आहोत ना?

मधेच एक सांगते, कारण इथं बऱ्याच जणी मला म्हणतात, ‘बाई, आम्ही अंगठेबहाद्दर, आम्ही काय शिकवणार?’ जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी. १८८० चा जन्म, अक्षरओळख नाही, शेतकामातली बाई. जात्यावर दळताना, शेतात राबताना घरच्या बोलीत गाणी रचायच्या. त्या गेल्यावर मुलानं, सोपानदेवांनी, ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज त्यांच्या कविता शाळेच्या पुस्तकांत येतात. पुण्याचे गी पॉइटेव्हिन आणि हेमा राइरकर या दोघांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या भरल्या एक लाखाहून जास्त! हे सगळं अंगठेबहाद्दर बायांच्या डोक्यात होतं. आता जातं गेलं, गिरणी आली. ते बरंच झालं, खांदे वाचले. पण जिला ओव्या येतात अशी म्हातारी तुमच्या गावात अजून असेल, तर तिला नातवंडांच्या शाळेत न्यायला पुढची दहा वर्षं थांबू नका.

आणि शिकायचं कसं, हे तर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तुमचा गट सुरू झाला तेव्हा व्याज तुम्हाला कसं समजलं, आठवा. प्रशिक्षणाला आलेल्या साहेबांनी ‘वार्षिक दर’ असा शब्द वापरला, तेव्हा सगळ्या गप्प. मग कोणीतरी म्हणालं, ‘अगं, सावकाराचं शेकडा दोन असतं ना, तसं.’ लगेच डोक्यात शिरलं. पाच हजारावर महिन्याला शंभर, वर्षाला बाराशे. शंभराला चोवीस. सावकार किती घेत होता, तेही त्याच दिवशी उमगलं! तुम्ही जुन्या माहितीवर पाय ठेवून नवीन पायरी चढलात. पोरांना तेवढंच मिळावं.

आता जे बोलणार आहे, ते काहींना आवडणार नाही. मागं दिंडोरीकडच्या एका बैठकीत मी असंच बोलत होते. एक ताई उठली आणि म्हणाली, ‘बाई, आमची बोली, आमची नागली आम्हाला पोटाला पुरली नाही. तेच पोरांना शिकवायचं तर शाळेत कशाला घालायचं? आम्हाला इंग्लिश पाहिजे.’ तिनं गटातून कर्ज काढून पोराला गाडी येते त्या शाळेत घातलं होतं. मला तिचं म्हणणं खोटं वाटलं नाही. नोकरीची जाहिरात अहिराणीत निघत नाही. नर्सिंगचा पेपर कोकणीत येत नाही. प्रमाण मराठी आलंच पाहिजे, इंग्रजीही आलं पाहिजे, त्यात मागं राहून चालणार नाही.

पण मी तिला एकच विचारलं. तुझं पोरगं घरी येऊन काय सांगतं? ती म्हणाली, ‘कविता म्हणतं इंग्लिशमध्ये.’ म्हटलं, अर्थ विचारलास? ती गप्प झाली. घरची भाषा हा उंबरा आहे. उंबऱ्यावर कोणी कायमचं बसत नाही, पण तो ओलांडूनच बाहेर पडतात. जे पोर आपल्या भाषेत विचार करायला, प्रश्न विचारायला शिकलं, ते दुसरी भाषा लवकर उचलतं. हे मी तीस-बत्तीस वर्षांच्या अनुभवानं सांगते. आपल्या राज्यघटनेत १९५६ सालीच कलम ३५० क घातलंय, की प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवायची सोय करावी. २०२० चं शैक्षणिक धोरणही म्हणतं, की शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरची भाषा असावी. कागदावर सगळं आहे. तेव्हा पुढच्या वेळी गटातून फीसाठी कर्ज काढताना आधी त्या शाळेत जाऊन अर्धा तास वर्गाबाहेर उभ्या राहा. पोरं प्रश्न विचारतात का, एवढं ऐका. मग सही करा. कर्ज काढू नका असं मी म्हणत नाही.

आणि दुसरी बाजूही सांगते. आपलं आहे म्हणून सगळंच शाळेत न्यायचं नाही. आजारी लेकराला आधी भगताकडं नेणं हीही आपली रीत. पाळीच्या दिवसांत पोरीला बाजूला बसवणं हीही. पाण्याला कोणी शिवायचं, कोणी नाही, तेही आपल्याच गावांत चालत आलंय. हे वर्गात न्यायचं असेल, तर त्यावर प्रश्न विचारायला न्यायचं. बोहाड्याचं बघा. गणपतीचं, सरस्वतीचं, रावणाचं सोंग येतं, मुखवटे असतात, संबळ वाजतो, रात्र रात्र गाव जागतं. पोरांना त्यातून गोष्टी येतात, ताल येतो, मुखवटा कोणत्या लाकडाचा, रंग कसला, हे कळतं. शाळेसाठी केवढं भांडार आहे ते! पण सोंगं बहुतेक पुरुषच घेतात. एका शाळेत गुरुजींनी पुठ्ठ्याचे मुखवटे करायला लावले, तेव्हा चौथीतली एक पोरगी म्हणाली, ‘सरस्वती मी होणार.’ पोरांनी कुरकुर केली. गुरुजी म्हणाले, ‘सरस्वती बाई आहे की बाप्या?’ झाली ती. तिची आई नंतर मला म्हणाली, आमच्या घरात तीन दिवस तीच चर्चा होती.

मग करायचं काय? शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्यात शाळा व्यवस्थापन समितीत किमान पाऊण भाग पालकांचा आणि निम्म्या बाया असायला हव्यात असं लिहिलंय. पायलीचा हिशोब लावा, चारात तीन शेर पालकांचे. पण बऱ्याच गावांत बाईचं नाव यादीत असतं आणि सहीला रजिस्टर घरी येतं. इथं बसलेल्यांपैकी कोणाचं नाव समितीत आहे, हे तुमचं तुम्हालाच माहिती नसेल, अशाही असतील. आधी ते विचारून घ्या. गटाच्या कर्जाची एकेक नोंद वाचल्याशिवाय तुम्ही सही करत नाही, मग शाळेच्या रजिस्टरवर का करता?

समितीच्या बैठकीत पैसे मागू नका, इमारत मागू नका, ते मागणारे पुष्कळ आहेत. शनिवारचा एक तास मागा. शनिवारी दप्तराशिवाय काहीतरी करा असं शासनही सांगतं, त्यामुळं गुरुजींना अडचण यायची नाही. त्या तासाला गावातलं एक माणूस वर्गात जाईल. राब का भाजतात हे सांगणारी एक, बियाणं कसं निवडायचं हे सांगणारी एक, कांद्याची चाळ रचणारा एक, टोपल्या विणणारा एक. येवल्याकडच्या ताया आल्या आहेत ना? पैठणीच्या पदरावरचा मोर धागे मोजून मोजून उतरतो, तुमच्यापेक्षा चांगलं गणित कोण शिकवणार? वाघबारस जवळ आली की वाघाची, गाईची गोष्ट आजीनं सांगायची, आपल्या बोलीत. पोरांनी ती मराठीत लिहायची. घरी अहिराणी, घरी कोकणी, घरी ठाकरी, जी असेल ती.

दोन गोष्टी सांभाळा. आजीला एकटीला पाठवू नका, पहिल्यांदा ती लाजते, खुर्चीवर बसायला लावलं तर बोलतच नाही. गटातली एक जण बरोबर जा, दोघी खाली बसा, पोरांच्या गोलात. आणि गुरुजींना आदल्या आठवड्यात सांगा, म्हणजे त्यांना तो विषय पुस्तकातल्या धड्याला जोडता येतो. न सांगता गेलात तर त्यांना वाटतं तक्रार घेऊन आल्या.

बँकेचे साहेब घड्याळ बघायला लागलेत, तेव्हा संपवते. पुढच्या मासिक बैठकीत बचत, परतफेड झाल्यावर हा विषय घ्या आणि ठराव म्हणून लिहा. कोणत्या शनिवारी, कोण जाणार, बरोबर कोण, आणि काय घेऊन जाणार. पायली असेल तर पायली लिहा. खाली अध्यक्ष आणि सचिव ताईंच्या सह्या घ्यायला विसरू नका.